वही कोणाच्या घरी?
यवतमाळचे लहान उत्पादक, स्थानिक उत्पादन आणि गिऱ्हाइकाची माहिती

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी पेढीवर नव्या वहीची पूजा होते आणि पाडव्याला तिच्यात पहिली नोंद पडते. हिशेब संगणकात किंवा मोबाइलमध्ये गेला असला, तरी पूजेपुरती एक वही अजून आणली जाते. या वहीत परंपरेने दोन गोष्टी लिहिल्या जातात. माल किती आला आणि किती गेला, ही पहिली. कोणाकडून किती येणे आहे, ही दुसरी. दुसऱ्या गोष्टीत गिऱ्हाइकाची सगळी माहिती असते. तो कुठला, काय नेतो, कधी नेतो, पैसे केव्हा देतो आणि कोणाच्या शब्दावर त्याला उधार दिले, हे सारे त्या नोंदींतून वाचता येते.

गेल्या काही वर्षांत लहान उत्पादकांना दोन सल्ले सतत दिले जात आहेत. उत्पादन स्थानिक करा, म्हणजे गिऱ्हाइकाच्या जवळ, त्याच्या गरजेप्रमाणे आणि लहान प्रमाणात करा, हा पहिला. गिऱ्हाइकाची माहिती गोळा करून तिचे विश्लेषण करा आणि त्यावरून काय बनवायचे, किती बनवायचे, कोणाला विकायचे ते ठरवा, हा दुसरा. प्रशिक्षण वर्गांत, बँकांच्या मेळाव्यांत आणि योजनांच्या पुस्तिकांत हे दोन्ही सल्ले जोडीने येतात. ऐकताना ते निर्दोष वाटतात. यवतमाळसारख्या जिल्ह्याच्या इतिहासात आणि अर्थव्यवहारात ते कसे दिसतात, हे तपासणे हा या लेखाचा उद्देश आहे. त्यासाठी वऱ्हाडच्या कापसाचा इतिहास, त्रिंबक नारायण आत्रे यांचा ‘गावगाडा’ आणि जे. सी. कुमारप्पा यांचा ग्रामोद्योगाचा विचार, असे तीन जुने दाखले मी समोर ठेवले आहेत.

सल्ला काय आहे?

आधी सल्ला नीट समजून घेऊ. गिऱ्हाइकांच्या विश्लेषणाची सर्वांत साधी आणि जगभर वापरली जाणारी पद्धत तीन प्रश्नांवर उभी आहे. गिऱ्हाईक शेवटचे केव्हा आले? ठरावीक काळात किती वेळा आले? एकूण किती रुपयांचा माल नेला? या तीन आकड्यांवरून गिऱ्हाइकांचे गट पाडता येतात. नेहमीचे कोण, तुटत चाललेले कोण, क्वचित येऊन मोठी खरेदी करणारे कोण, हे कळते. मोठ्या दुकानांच्या साखळ्या आणि ऑनलाइन विक्रीच्या कंपन्या यात वय, पत्ता, आधी काय पाहिले, काय पाहून सोडले, अशा शेकडो गोष्टी मिळवतात. मूळ कल्पना मात्र तीच राहते.

हे तंत्र लहान उत्पादकाच्या उपयोगाचे आहे का? आहे, आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. यवतमाळ जिल्ह्यात लहान उत्पादक म्हणजे दाल मिल, सरकीचे किंवा शेंगदाण्याचे तेल काढणारे, तिखट-हळद दळणारे, पापड-लोणची करणारे बचत गट, ट्रॉली आणि पेरणीयंत्रे बनवणारी वेल्डिंगची दुकाने, वणीजवळ राजूरच्या चुनाभट्ट्या. यातल्या एकाचे उदाहरण घेऊ.

समजा, दिग्रसच्या आसपास एक मिनी दाल मिल आहे. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने विकसित केलेल्या मिनी दाल मिलमुळे असे उद्योग विदर्भात शक्य झाले. या मिलची दीडशे घरे बांधलेली आहेत आणि एक घर महिन्याला सरासरी चार किलो डाळ नेते. म्हणजे महिन्याला सहाशे किलो, वर्षाला ७,२०० किलो डाळ. तुरीतून सत्तर टक्के डाळ मिळते असे धरले, तर वर्षाला सुमारे १०३ क्विंटल तूर लागेल. तूर बाजारात येते ती साधारण डिसेंबर ते फेब्रुवारीत. २०२४-२५ च्या हंगामाचा हमीभाव क्विंटलला ७,५५० रुपये होता. त्या भावाने वर्षभराची तूर एकदम घ्यायची तर पावणेआठ लाखांच्या आसपास रक्कम हवी. दीडशे घरांची नीट नोंद असेल, तर मिलवाला माघातच सांगू शकतो की मला इतकी तूर लागेल, याहून जास्त घेऊन भांडवल अडकवण्याचे कारण नाही. बँकेसमोरही तो काही आकडे ठेवू शकतो. या अर्थाने गिऱ्हाइकाची माहिती हे लहान उत्पादकाचे खरे भांडवल आहे.

अडचण पुढे सुरू होते. १ एप्रिल २०२५ पासून लागू झालेल्या व्याख्येनुसार अडीच कोटींपर्यंत गुंतवणूक आणि दहा कोटींपर्यंत उलाढाल असलेला उद्योग ‘सूक्ष्म’ ठरतो. आपल्या मिलने डाळ १३० रुपये किलोने विकली, तर तिची वर्षाची उलाढाल साडेनऊ लाखांच्या आत राहते. तीही सूक्ष्म, आणि तिच्या शंभरपट उलाढाल करणारा कारखानाही सूक्ष्मच. दोघांना एकच पुस्तिका दिली जाते. ती लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर मोठा असतो, आणि धाकट्याला त्या मापाचे कपडे घालून पाहायला सांगितले जाते.

आधी मोजले कोणी?

मोजले जाणे या जिल्ह्याला नवे नाही. १८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या कारभारात आले. १८६१ ते १८६५ या अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकी कापूस मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या काळ्या मातीकडे सगळ्यांचे लक्ष गेले. मध्य प्रांत आणि वऱ्हाडसाठी स्वतंत्र कापूस आयुक्त नेमला गेला. हॅरी रिव्हेट-कार्नाक हे त्या पदावरचे गाजलेले नाव. पेरा किती, धागा कसा, बाजारात आवक किती, गाठी केव्हा निघाल्या, यांच्या नोंदी होऊ लागल्या. १८७० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांनी खामगावच्या रेल्वे फाट्याचे उद्घाटन केले. रेल्वेबरोबर तारायंत्र आले आणि लिव्हरपूलचा भाव वऱ्हाडच्या बाजारात पोचू लागला. लक्ष्मण सत्या यांच्या वऱ्हाडातील कापूस आणि दुष्काळावरील ग्रंथात (१९९७) आणि स्वेन बेकर्ट यांच्या कापसाच्या जागतिक इतिहासात (२०१४) या घडामोडी तपशिलाने आल्या आहेत.

आपल्या विषयाच्या दृष्टीने इथे एक उलटी गोष्ट दिसते. आजचा सल्ला म्हणतो, उत्पादकाने गिऱ्हाइकाची माहिती गोळा करावी. वऱ्हाडात दीडशे वर्षांपूर्वी गिऱ्हाइकाने उत्पादकाची माहिती गोळा केली. कापसाचे खरे गिऱ्हाईक मँचेस्टरमध्ये होते, त्याच्या वतीने सरकार मोजत होते, आणि ज्याच्या वावरातली पऱ्हाटी मोजली जात होती त्याच्या हाती त्या मोजणीतले फारसे काही येत नव्हते. माहितीमुळे बाजार चालतो हे खरे. पण ती ज्याच्याजवळ साठते त्याच्या सोयीने तो चालतो.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला किलिक निक्सन कंपनीच्या व्यवस्थापनाखाली यवतमाळ ते मूर्तिजापूर आणि पुढे अचलपूर अशी अरुंद रुळांची गाडी सुरू झाली. लोक तिला ‘शकुंतला’ म्हणतात. कापूस मुख्य रेल्वेमार्गापर्यंत नेणे हे तिचे काम. मँचेस्टरला १९२१ मध्ये बनलेले वाफेचे इंजिन या मार्गावर १९९४ पर्यंत धावत होते. स्वातंत्र्यानंतर देशातल्या बहुतेक रेल्वे सरकारच्या झाल्या, तरी या मार्गाची मालकी खासगी कंपनीकडेच राहिली आणि भारतीय रेल्वे करार करून त्यावर गाड्या चालवत राहिली. रूळ यवतमाळात आणि मालकीचे कागद दुसरीकडे, अशी ही व्यवस्था होती.

‘स्थानिक उत्पादन’ या शब्दाकडे हा इतिहास डोळ्यांपुढे ठेवून पाहायला हवे. जिनिंग-प्रेसिंग हे स्थानिकच उत्पादन होते आणि आहे. शंभर किलो कापसातून साधारण चौतीस किलो रुई निघते, बाकी बहुतेक सरकी. १७० किलोची एक गाठ बांधायला पाच क्विंटल कापूस लागतो. हे सगळे काम वणी, पांढरकवडा, यवतमाळ, पुसद, दारव्हा इथेच होत आले. लोहारा औद्योगिक वसाहतीत डेनिमचे कापडही बनते. तरी यवतमाळचा माणूस पँट विकत घेतो तेव्हा त्या पँटीच्या किमतीत आपल्या वावराचा वाटा किती, हे त्याला सांगता येत नाही. उत्पादन गावात होणे आणि त्या उत्पादनाचा हिशेब गावात असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सल्ल्याच्या पुस्तिकांत पहिलीवर भर असतो, दुसरीचा उल्लेख नसतो.

गावगाड्यातली ओळख

यावर एक उत्तर नेहमी ऐकू येते. पूर्वी गावातच सगळे होते. सुतार, लोहार, कुंभार, चांभार यांना प्रत्येक घराची गरज ठाऊक होती, त्यांना कुठल्या डेटाची गरज नव्हती. या म्हणण्यात तथ्य आहे. तिफन बनवणारा सुतार बैलांची उंची, मातीचा पोत, पेरणाऱ्याची सवय पाहून फणांमधले अंतर ठरवत असे. दोन वावरांसाठी दोन वेगळी अवजारे होत. आज ज्याला गिऱ्हाईकनिहाय उत्पादन म्हणतात ते याहून वेगळे नाही. शिवाय ही ओळख दुतर्फा होती. सुतार जसा कास्तकाराला ओळखत होता तसाच कास्तकारही सुताराला ओळखत होता. लाकूड कुठले, काम कसे, शब्दाला किती पक्का, हे गावाला माहीत असे.

पण ‘गावगाडा’ वाचणाऱ्याला या आठवणीत रमता येत नाही. १९१५ मध्ये प्रसिद्ध झालेले आत्र्यांचे हे पुस्तक गावाच्या कारभाराचे, बारा बलुत्यांचे, अलुत्यांचे आणि फिरत्या जमातींचे बारकाईने वर्णन करते. ते प्रामुख्याने देशावरचे आहे, वऱ्हाडच्या चालीरीती काही बाबतींत वेगळ्या होत्या, हे ध्यानात ठेवूनही त्यातला एक मुद्दा इथे लागू पडतो. आत्रे या व्यवस्थेचे गोडवे गात नाहीत. कोण किती काम करतो आणि किती घेतो याचा मेळ कुठे बसत नाही, कुणब्यावर किती बोजा पडतो, हे ते दाखवत राहतात. त्यांच्या नजरेला कारागिराची बाजू पुरेशी दिसत नाही, ही त्या पुस्तकाची मर्यादा आहे. ती बाजू पुढे दलित आत्मकथनांनी मांडली. दया पवारांच्या ‘बलुतं’ने (१९७८) हा शब्दच मराठी वाचकाला नव्याने ऐकवला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात महार वतनासंबंधीच्या कायद्यात दुरुस्ती सुचवणारे विधेयक मांडले, ते याच व्यवस्थेतून माणसाला मोकळे करण्यासाठी. गावाला तुमची सगळी माहिती असणे हे कोणासाठी आपुलकीचे आणि कोणासाठी बेडीचे होते, हे जातीवर ठरत होते.

सावकाराची वही हे तर याचे उघड उदाहरण. ती गावातच होती, पूर्णपणे स्थानिक होती, आणि कुळाची खडान्‌खडा माहिती तिच्यात होती. फक्त ती कुळाला वाचता येत नव्हती. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी दंगा झाला आणि तो पुणे-नगर भागात पसरला. लोकांचा रोख सावकारांच्या कर्जरोख्यांवर होता. त्यांनी ते हिसकावून जाळले. १८७९ मध्ये आलेला दख्खनच्या शेतकऱ्यांसाठीचा कायदा पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांपुरता होता. वऱ्हाड मुंबई इलाख्यात नसल्याने इथल्या कुळाला त्याचा लाभ झाला नाही. म्हणून वही गावात असणे पुरेसे नाही. ज्याची नोंद आहे त्याला ती पाहता येते का, चुकली तर दुरुस्त करून घेता येते का, हे विचारावे लागते.

कुमारप्पांनी दिशा कोणती सांगितली?

यवतमाळपासून वर्धा दूर नाही. डिसेंबर १९३४ मध्ये तिथे अखिल भारत ग्रामोद्योग संघाचे काम सुरू झाले आणि जे. सी. कुमारप्पा त्याचे सूत्रधार झाले. कुमारप्पा हे शिक्षणाने हिशेबनीस, लंडनला तयार झालेले. पुढे त्यांनी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्राचा अभ्यास केला. मध्य प्रांत-वऱ्हाड सरकारने नेमलेल्या औद्योगिक पाहणी समितीचे ते अध्यक्ष होते. समितीचा अहवाल १९३९ मध्ये आला. यवतमाळ तेव्हा याच प्रांतात होते. म्हणजे गावातल्या उद्योगांची पाहणी करून त्यावर धोरण आखायचे, हा विचार या प्रदेशात ऐंशी वर्षांहून जुना आहे, आणि तो एका हिशेबनीसाने केला आहे.

कुमारप्पांच्या लेखनात गिऱ्हाइकाचा विचार वारंवार येतो, पण आजच्या सल्ल्याच्या नेमका उलट दिशेने. वस्तू विकत घेणारा माणूस ती वस्तू कशी बनली याला जबाबदार असतो, असे ते मानतात. मजुराला पिळून बनवलेली वस्तू घेतली, तर त्या पिळवणुकीत घेणाऱ्याचाही वाटा येतो. ही जबाबदारी पेलायची तर वस्तू कुठे, कोणी, कशी बनवली हे त्याला माहीत हवे. दूरच्या मालाबद्दल हे कळणे कठीण, म्हणून रोजच्या गरजेच्या वस्तू जवळच्या हव्यात. त्यांचा स्थानिक उत्पादनाचा आग्रह असा माहितीच्या प्रश्नातून आला आहे. त्यांच्या विचारात माहिती उत्पादकाकडून गिऱ्हाइकाकडे जाते.

आजच्या सल्ल्याने यातला ‘स्थानिक’ हा शब्द घेतला आणि माहितीची दिशा बदलली. उत्पादकाने गिऱ्हाईक जाणून घ्यावे यावर सगळा भर. गिऱ्हाइकाने उत्पादकाला जाणून घ्यावे, डाळीला पॉलिश केले आहे की नाही, तूर कुठल्या शिवारातली, पापड लाटणाऱ्या बाईला किलोमागे काय मिळाले, हे त्याला सांगावे, असे पुस्तिकेत नसते. मग ‘स्थानिक’ हा शब्द पाकिटावरच्या गावाच्या नावापुरता उरतो. माझा मुख्य आक्षेप हा आहे.

कुमारप्पांचीही एक बाजू लंगडी आहे आणि ती सांगितली पाहिजे. घेणाऱ्याची आवड, त्याची बदलती सवय, किमतीपुढची त्याची लाचारी, यांना त्यांच्या मांडणीत फार कमी जागा आहे. कर्तव्य म्हणून घ्यावे या भावनेवर उद्योग फार काळ चालत नाही. गिऱ्हाइकाला काय हवे ते न विचारता माल बनवत राहिलेली कितीतरी ग्रामोद्योग केंद्रे विकल्या न गेलेल्या मालाखाली दबली. म्हणजे गिऱ्हाइकाची माहिती हवी, हा आजच्या सल्ल्याचा भाग बरोबरच आहे. दोन्ही दिशांनी माहिती वाहिली पाहिजे, इतकेच इथे म्हणायचे आहे.

यवतमाळचे गिऱ्हाईक

आता पुन्हा त्या दाल मिलकडे येऊ. एका महिन्यात दीडशेपैकी बारा घरे आली नाहीत. संगणक सांगेल की आठ टक्के गिऱ्हाइके तुटली, त्यांना सवलतीचा संदेश पाठवा. मिलवाल्याने चौकशी केली. पाच घरांची स्वतःची तूर वावरातून आली होती. ती भरडून घ्यायला ते याच मिलमध्ये येणार होते. चार घरे कामासाठी बाहेरगावी गेली होती. दोन घरी लग्नाची डाळ ठोकमध्ये घेतली गेली होती. राहिले एक घर. मागच्या डाळीत खडे निघाले म्हणून त्यांनी दुसरीकडून डाळ आणली होती. उदाहरण कल्पित आहे, पण अशा व्यवसायातल्या कोणालाही ते अनोळखी वाटणार नाही. बारापैकी ज्या एका घराकडून काही शिकायचे होते ते सरासरीत सापडले नसते. दीडशे घरांच्या धंद्यात आकडे फार लहान असतात. दोन-चार घरांच्या हालचालीने टक्केवारी उलटीपालटी होते. अशा ठिकाणी आकड्याने फक्त कोणाला विचारायचे ते सांगावे. उत्तर विचारूनच मिळते.

या उदाहरणात आणखी एक गोष्ट आहे. यवतमाळात गिऱ्हाईक आणि माल पुरवणारा बहुधा एकच माणूस असतो. पौषात तो तूर विकतो, आषाढात डाळ विकत घेतो. तेलाचे तसेच आहे. सरकी त्याची, तेल त्याने विकत घेतलेले, ढेप त्याच्या बैलांसाठी. तयार संगणकप्रणालीत मात्र गिऱ्हाइकाचा कप्पा वेगळा आणि पुरवठादाराचा वेगळा असतो. माणूस दोन तुकड्यांत विभागला जातो आणि त्या दोन व्यवहारांतला संबंध दिसेनासा होतो.

तिसरी गोष्ट हंगामाची. या जिल्ह्यातला पैसा कापसाबरोबर येतो. सीतादही होऊन वेचणी सुरू झाली, पहिला कापूस विकला गेला, की दिवाळीच्या सुमारास उधारी फिटू लागते. त्याआधीचे श्रावण-भाद्रपदाचे दिवस ओढाताणीचे. त्या दोन महिन्यांत ज्याने काही घेतले नाही त्याला दूरची यंत्रणा निष्क्रिय ठरवते आणि ज्याने उधार नेले त्याला जोखमीचा. गावातला दुकानदार त्याच माणसाला पीक पाहून उधार देतो. कारण यंदा बोंडे कशी आहेत हे त्याला ठाऊक असते. मोबाइलवरून झालेल्या व्यवहारांची नोंद पैसे दिल्याची असते, शब्दावर थांबल्याची नसते. ज्या जिल्ह्यात उधारीवर वर्ष निघते तिथे निम्मा व्यवहार अशा नोंदीबाहेर राहतो. उरलेल्या निम्म्यावरून माणसाची पत ठरवली जाण्याचा धोका मात्र वाढतो.

हा धोका यवतमाळात सौम्य शब्दांत मांडता येत नाही. कर्जाच्या ओझ्याने इथली किती घरे उघडी पडली हे साऱ्या महाराष्ट्राला माहीत आहे. २००६ मध्ये केंद्र सरकारने विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी मदतीची योजना जाहीर केली, त्यांत यवतमाळ होते. त्याच काळात शेतकरी कुटुंबांची घरोघर पाहणी होऊन संकटाच्या तीव्रतेप्रमाणे त्यांची वर्गवारी झाली. अशा ठिकाणी कोणाची उधारी थकली, कोणी खरेदी कमी केली, ही किराण्याची किरकोळ माहिती नसते. ती चुकीच्या हाती गेली, तर बी-बियाण्याच्या दुकानापासून सोयरिकीपर्यंत तिचे परिणाम होतात. नाव काढून टाकले की माहिती सुरक्षित होते, हा शहरी समज इथे चालत नाही. पाचशे घरांच्या गावात ‘तीन एकर, दोन मुली, विहीर आटलेली’ एवढे म्हटले की नाव सांगावे लागत नाही.

वही ठेवण्याच्या अटी

मग लहान उत्पादकाने करावे काय? नोंद ठेवावी, हे पहिले. पण ती आपल्याजवळ ठेवावी. मोठ्या ऑनलाइन मंचावर माल विकला की विक्री वाढते, पण घेणाऱ्याशी पुढचा संबंध मंचाकडे जातो. उद्या मंचाने दुसऱ्याचा माल वर दाखवला, तर आपल्या हाती वही नसते. मंच सोडू नये. पण तिथून आलेल्या गिऱ्हाइकाशी आपली थेट ओळख होईल अशी काही तजवीज पाकिटातच असावी. रुई बाहेर गेली तरी सरकी इथे राहत होती. इथे तर काहीच मागे राहत नाही.

दुसरे, ज्याची नोंद त्याला ती दिसली पाहिजे. हे तत्त्व आपल्या कायद्याला नवीन नाही. महाराष्ट्राच्या २०१४ च्या सावकारी कायद्यात सावकाराने हिशेब ठेवण्याची आणि तो कर्जदाराला देण्याची जबाबदारी सांगितली आहे. २०२३ च्या वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाच्या कायद्याने माणसाला आपली माहिती काय घेतली आहे ते विचारण्याचा, ती दुरुस्त करून घेण्याचा आणि पुसून टाकण्यास सांगण्याचा अधिकार दिला. १८७५ च्या सुप्याच्या दंग्यापासून या कायद्यापर्यंत मागणी एकच आहे. माझ्याबद्दल तुम्ही काय लिहून ठेवले आहे ते मला वाचू द्या. विश्लेषण शिकवणाऱ्या वर्गांत हा धडा पहिल्या दिवशी यायला हवा.

तिसरे, या कामाचा नमुना बाहेर शोधायची गरज नाही. जिल्ह्यातल्या बचत गटांना नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, वेळेवर परतफेड आणि अद्ययावत हिशेब ही पंचसूत्री शिकवली जाते. चांगल्या गटात बैठकीत हिशेब मोठ्याने वाचला जातो. अक्षर न येणाऱ्या बाईलाही आपल्या नावावर काय आहे ते ऐकू येते आणि चूक असेल तर ती तिथेच बोलते. सावकाराच्या वहीला इतके साधे आणि परिणामकारक उत्तर दुसरे नसेल. हाच रिवाज गिऱ्हाइकांच्या नोंदीला लावता येतो. वर्षातून एकदा, वही बदलताना, पापड करणाऱ्या गटाने किंवा दाल मिलने आपल्या नेहमीच्या घरांना सांगावे की तुमच्याबद्दल आमच्याकडे एवढे लिहिलेले आहे, यातले काय ठेवू आणि काय खोडू? त्याच वेळी आपलीही नोंद त्यांच्यासमोर ठेवावी. तूर कोणाकडून, काय भावाने घेतली, मजुरी किती दिली, किलोमागे आपल्याला किती उरले. घेणाऱ्याला हे कळले की तो भाव पाडताना विचार करतो, आणि खडे निघाले तर मुकाट्याने दुसरीकडे न जाता येऊन सांगतो.

यात खर्च आहे, वेळ आहे, आणि आपला नफा उघड करण्याची लाजही आहे. सगळे करतील असे नाही. गिऱ्हाइकालाही रोजच्या घाईत पापडाची जन्मकथा ऐकायची हौस नसते, स्वस्त मिळाले की पुरे असते, हा आक्षेपही खरा आहे. तरीही एक फरक उरतोच. वऱ्हाडच्या कापसाच्या वेळी मोजणी कोणासाठी चालली आहे हे विचारण्याची ताकद आणि साधन इथल्या माणसाजवळ नव्हते. आज हिशेब ठेवता येणारे लोक गावोगाव आहेत, बचत गटांत त्या प्रामुख्याने बायका आहेत, आणि कायदा निदान कागदावर त्यांच्या बाजूचा आहे. स्थानिक उत्पादनाची कोणतीही योजना यवतमाळात आली, तर तिला किती यंत्रे बसवणार हे विचारण्याआधी, माहिती कोणाजवळ राहणार आणि ती कोणाला वाचता येणार, हे विचारले पाहिजे. या प्रश्नाचे उत्तर जिल्ह्याबाहेरच्या पत्त्यावर असेल, तर ती योजना जिनिंगचाच पुढचा अंक ठरेल.